तिसऱ्यांची पारख
(ज्युबिली-सप्ताहांत धर्मग्रामांतील भगिनींच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सप्ताहांत धर्मगुरूनें तिसऱ्यांवर बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु उपासकाळांतील शुक्रवारीं मांस वर्ज्य असतां आपल्या किनाऱ्यावरील घरांत तिसऱ्यांचें कालवण शिजतें. आणि उद्यांच्या पाहुण्यांसाठींहि तेंच शिजणार आहे, असें मला कळलें. पूर्वीं सासू सुनेस खाडीवर नेऊन जें शिकवीत असे, तें आज बाजारांतून तिसऱ्या आणणाऱ्या मुलींस कोण सांगणार? म्हणून एका चुकीनें मला जें शिकविलें, तें आपणांपुढें ठेवितों.

गुरुदीक्षा होऊन मला फार दिवस झाले नव्हते. सणाच्या आदल्या दिवशीं एका गरीब बाईनें ओहोटीच्या वेळीं चिखलांत वांकून वेंचलेल्या पाटीभर तिसऱ्या मला आणून दिल्या. त्या ताज्या राहाव्या, म्हणून मीं त्या विहिरीच्या गोड्या पाण्यानें भरलेल्या हंड्यांत टाकिल्या व वर घट्ट झांकण ठेविलें. सकाळीं पाहतों तों बहुतेक शिंपल्या आ वासून पडलेल्या! स्वयंपाक करणाऱ्या मावशींनीं दोन-चार वाजवून पाहिल्या, वास घेतला आणि सगळ्या खड्ड्यांत पुरावयास नेल्या.

"मावशी, त्या बाईचे श्रम वायां जातील," मी म्हणालों.

"फादर, तिचे श्रम रात्रींच वायां गेले. आतां पाहुण्यांना तरी वांचवा."

त्या दिवशीं पाहुण्यांनीं डाळभात खाल्ला, आणि मीं त्या बाईची क्षमा मागितली.

तिसरी ही खाऱ्या पाण्यांतील जीव. गोड्या पाण्यानें व कोंडीनें ती मरते, आणि मेली कीं फार लवकर कुजते. म्हणून जिवंतपणाची पारख ही पहिली. विकत घेतांना वास समुद्राचा असावा, कुजकट नसावा. शिंपी अभंग व घट्ट मिटलेली असावी. किंचित् उघडी दिसल्यास ती दुसरीवर हलकेच वाजवा व क्षणभर थांबा. जिवंत असेल तर मिटेल, न मिटल्यास टाकून द्या. एखादी फार जड लागल्यास तिचीं दोन्हीं दलें अंगठ्यानें आडवीं सरकवून पाहा. आंत जीव नसून नुसता चिखल असेल, तर तीं सरकतात. आणि असें एकच शिंपलें सगळें कालवण नासवितें. घरीं आणलेल्या तिसऱ्या पिशवींत कोंडूं नयेत. ओल्या फडक्याखालीं गार जागीं ठेवाव्या व त्याच दिवशीं शिजवाव्या.

शिंपल्या आधीं काथ्यानें घासून धुवाव्या. मग परातींत चाळणी ठेवून तींत त्या पसराव्या, आणि बुडतील इतकेंच मिठाचें पाणी घालावें. लिटरमागें सुमारें ३० ग्रॅम मीठ पुरे. अंधाऱ्या जागीं तास-दोन तासांत त्या आपल्या नळ्या बाहेर काढून पाणी घेतात व सोडतात, आणि वाळू तळाशीं बसते. नंतर त्या हातानेंच उचलाव्या. परात ओतली, तर टाकलेली वाळू पुनः त्यांच्याच अंगावर पडते. विळीवर उघडतांना निघणारें पाणी निवळूं द्यावें व वरचें कालवणांत घालावें. तें मुळांत खारट, म्हणून मीठ चाखूनच घालावें. उकडून उघडणार असाल, तर शेवटपर्यंत न उघडलेली उचकटूं नका, टाकून द्या.

एका गोष्टीस मात्र घरीं उपाय नाहीं. तिसरी पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म अन्न खाते. त्या पाण्यांत सांडपाणी मिसळलें, तर रोगजंतूहि तिच्या अंगांत सांठतात. कांहीं सूक्ष्म शेवाळांचें विष तर उकळूनहि जात नाहीं. म्हणून गटाराच्या तोंडाशीं वेंचलेल्या, किंवा खाडीच्या पाण्याचा रंग पालटला असतां काढलेल्या तिसऱ्या फुकट मिळाल्या तरी घेऊं नयेत. "कोणत्या खाडीच्या, बाय?" एवढें विकणारीस आपुलकीनें विचारावें.

प्रभूच्या जाळ्याच्या दृष्टांतांतील कोळी किनाऱ्यावर बसून निवड करतात. बसून, घाईनें नव्हे. पाहुणे दाराशीं आले असतां संशयाची शिंपी टाकावयास हात धजत नाहीं. म्हणून हें काम आधींच उरकावें. उद्यां पहांटेच्या मिस्सेनंतर मीहि परात घेऊन तुमच्यांत बसेन.