इंग्रजीतली देवळाली

ब्रिटनमध्ये कुणी भलतंसलतं वागायला-बोलायला लागलं, की लोक सहज म्हणतात, ‘हा डूलॅली झालाय.’ शब्दकोशात हा शब्द आहे, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो येतो आणि घरगुती गप्पांतही. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना कल्पना नसते, की हे एका गावाचं नाव आहे आणि ते गाव नाशिकला लागून आहे. आपली देवळाली!

आपल्याकडच्या गावांची नावं इंग्रजीनं बरीच उचलली, पण ती बहुतेक कापडचोपडासाठी. मुंबईच्या डोंगरीवरून डंगरी आली, कालिकतवरून कॅलिको आणि जोधपूरवरून घोडेस्वाराची विजार. देवळालीच्या वाट्याला मात्र वेड आलं. ते कसं, ते सांगतो.

1860 च्या दशकात देवळालीला गोऱ्या पलटणींची छावणी उभी राहिली. कसाऱ्याचा घाट चढून रेल्वे नुकतीच वर आली होती, त्यामुळे जागा सोयीची. विलायतेहून बोटीनं मुंबईला उतरलेले शिपाई देवळालीला यायचे आणि तिथून देशभर पांगायचे. परतीची वाटही हीच. नोकरीची मुदत भरलेला शिपाई इथं यायचा आणि मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत बसायचा. मेख अशी, की या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. हंगामातली शेवटची बोट हुकली, की अख्खा उन्हाळा आणि मागोमाग पावसाळा छावणीतच काढायचा. काम म्हणावं तर काही नाही आणि घरी जाण्याचा दिवस तर डोळ्यांसमोर. त्यात ऊन, हिवताप आणि दारू.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक शिपाई विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात होता. ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे त्याचं आठवणींचं पुस्तक 1936 साली निघालं. त्यात तो सांगतो, की उभी नोकरी नेकीनं केलेले शिपाईसुद्धा या रिकाम्या दिवसांत नको त्या भानगडीत सापडत आणि घरी जायच्या आधी तुरुंगाची हवा खात. माणसं विचित्र वागू लागत ती छावणीतल्या कंटाळ्यापायी आणि त्यातूनच हा वाक्प्रचार निघाला असावा, असं त्याचं मत.

मूळ वाक्प्रचार दोन शब्दांचा होता, ‘डूलॅली टॅप’. हा टॅप म्हणजे आपला ताप. एखाद्याचं डोकं फिरलं, की त्याला देवळालीचा ताप चढला, असं बराकीत म्हणायचे. ‘डोक्याला ताप’ म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. इंग्रजांच्या जिभेला आपला ‘ळ’ वळेना, म्हणून देवळालीची डूलॅली झाली. पुढं ताप गळून पडला, गाव तेवढं उरलं आणि तेही विशेषण होऊन. आज ते लिहिताना पहिलं अक्षरही मोठं काढत नाहीत, म्हणजे गावाची शेवटची खूणसुद्धा गेली. वापरण्याची रीतही ठरलेली आहे : माणूस डूलॅली ‘असतो’ किंवा ‘होतो’, ‘डूलॅली माणूस’ असं सहसा म्हणत नाहीत. अमेरिकेत हा शब्द फारसा रुळलेला नाही.

शब्दामागचं गाव ब्रिटिश प्रेक्षकांना पुन्हा दिसलं ते 1974 साली. बीबीसीवर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका सुरू झाली, तिचे सुरुवातीचे भाग देवळालीच्या छावणीत घडतात. तिच्या दोन लेखकांपैकी जिमी पेरी हे स्वतः तोफखान्यात शिपाई होते आणि देवळालीत फौजेच्या करमणूक पथकात त्यांनी काम केलं होतं.

आता गंमत बघा. ज्या गावाचं नाव इंग्रजीत वेडाला चिकटलं, तिथं मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात ते हवा चांगली म्हणून. आजारातून उठलेल्या माणसानं चार दिवस राहावं, यासाठी तिथं सॅनिटोरियमं बांधली गेली. भारतीय लष्कराची तोफखान्याची शाळा 1941 पासून तिथंच आहे. देशातली पहिली किसान रेल 7 ऑगस्ट 2020 ला सुटली तीही देवळालीहूनच, बिहारमधल्या दानापूरकडे. इंग्रजी लिपीत या गावाचं एक स्पेलिंग अजून ठरलेलं नाही. छावणीच्या पाटीवर मध्ये ‘ओ’ आहे, रेल्वेच्या पाटीवर ‘व्ही’. ‘डूलॅली’चं स्पेलिंग मात्र एकदम पक्कं!

गावाच्या नावाला असा अर्थ चिकटणं आपल्यालाही नवीन नाही. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘हा ठाण्याचा दिसतोय’, असं आपण हसत हसत म्हणतोच. तिथं निदान मनोरुग्णांची इस्पितळं आहेत. देवळालीचा तर काडीचा दोष नव्हता. माणसं भ्रमली ती सरकारी बोटींच्या वेळापत्रकामुळे.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इंग्लंडात असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा : हा शब्द चेष्टेत चालतो, पण खरोखर मनाच्या आजारानं त्रासलेल्या माणसाला तो लावू नका, तिथं तो टोचतो. आणि कुणी हा शब्द उच्चारला, तर बेलाशक सांगा, की हे गाव आमचं आहे आणि त्याचं खरं नाव देवळाली आहे.