थोरल्या भावंडांची शाळा



आजचा माझा विषय दिसायला लहान आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी शाळेतल्या धाकट्यांना शरीराचे आणि आरोग्याचे शास्त्र शिकवावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु लहान दिसणाऱ्या या गोष्टीत आपल्या तालुक्याचे बरेच हित साठवलेले आहे, अशी माझी खात्री झाल्यामुळे मी ती आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करतो.

मागे एका गावी नववीच्या वर्गात जाण्याचा योग आला. हृदयाला कप्पे किती, असे विचारताच चाळीस मुखांतून एकदम उत्तर आले, "चार!" मग मी म्हटले, "आता प्रत्येकाने आपली नाडी शोधून दाखवा पाहू." वर्ग एकदम शांत झाला. कोणी कोपर चाचपू लागले, कोणी तळहात. चार कप्पे पाठ होते, पण आपल्या मनगटाशी ते हृदय रोज बोलते आहे, हे कोणी कानी घातलेले नव्हते. यात गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. साठ-सत्तर मुले, एक फळा आणि संपवावयाचा अभ्यासक्रम, यांत ते बिचारे किती जणांची मनगटे धरणार?

येथेच थोरल्या भावंडांचे काम सुरू होते. ही कल्पना काही परकी नव्हे. पंतोजींच्या जुन्या शाळेत मोठा मुलगा धाकट्याकडून धुळाक्षरे गिरवून घेई. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत आपल्या शाळेत बसवली आणि 1797 साली तिची हकीकत लंडनमध्ये छापली. पुढे तीच पद्धत इंग्लंडातील हजारो गरीब मुलांना अक्षरओळख करून देण्यास कामी आली. आपण ओसरीवर टाकलेली वस्तू साहेबाने उचलून दिवाणखान्यात मांडली, असाच हा प्रकार झाला.

याहून जवळचे उदाहरण मुंबईचे. 1848 साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व तरुण अध्यापकांनी आपली एक सभा स्थापन केली. निबंध वाचणे आणि वाद करणे एवढ्यावर ती मंडळी थांबली नाहीत. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि वेतन न घेता स्वतः शिकवावयास आरंभ केला. त्यांत दादाभाई नौरोजी होते. नाना शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली. मुलगी शिकली तर घर बुडेल, असे मानण्याचा तो काळ. त्या काळात विशीतल्या पोरांनी हे केले, तेव्हा आपल्या पोरांना ते जमणार नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आरोग्याच्या क्षेत्रातही अशी वाट पडलेली आहे. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे आपलेसे करते, तेथे मुक्काम करते आणि एकेका विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात. आपल्या शेजारच्या जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तर शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बायकांना आरोग्याचे शास्त्र शिकवले, आणि त्या बायकांनी ते गावोगाव पोचवले. जे त्या मायबहिणींना साधले, ते विज्ञान शाखेच्या द्वितीय वर्षातील मुलाला साधू नये काय?

आता प्रश्न असा की, शिकवावयाचे काय? त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. 1816 साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप जन्मास आला. तशी सुरळी आपल्या कोणत्याही वहीच्या कागदाची होते. तिच्यातून मित्राच्या हृदयाचे ठोके ऐकावेत, बसल्या जागी नाडी मोजावी, मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजावी आणि फरक का पडला ते ताईला विचारावे. गुरुजींना विचारावयास धीर होत नाही, ताईला होतो. सारी गोम येथेच आहे.

या शिक्षणाची आपल्याकडे निकड का आहे, तेही स्पष्ट बोलले पाहिजे. 2019 ते 21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तिच्या घडणीस लोह लागते, भाकरी-भाजीवर लिंबू पिळले तर ते लोह अंगी अधिक लागते आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा ते अडवतो. हे ज्ञान फुकटचे आहे, पण घरोघर पोचलेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक दुःखाची. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील कित्येक भगिनींची गर्भाशये ऐन तारुण्यात काढली गेली. 2019 साली शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. या प्रकाराला दारिद्र्य, मुकादमाची उचल, खाडा पडल्यास होणारा दंड अशी अनेक कारणे आहेत. नुसत्या शिक्षणाने ती दूर होतील असे मी म्हणणार नाही. पण गर्भाशय निराळे, बीजकोश निराळे, आणि बीजकोश अकाली काढल्यास हाडे ठिसूळ होतात, एवढे जिला ठाऊक आहे, ती "दुसरा उपाय नाही का?" असा एक प्रश्न तरी विचारील. असा प्रश्न विचारता येणे, हेच शिक्षणाचे पहिले फळ होय.

काही जाणते लोक शंका काढतात, की या पोरांचेच ज्ञान कच्चे, ती दुसऱ्यास काय शिकवणार? शंका रास्त आहे. म्हणून मर्यादा घालून घ्यावी. औषध सांगावयाचे नाही, सुई टोचावयाची नाही, रोगाचे निदान करावयाचे नाही. प्रत्येक पाठ आधी प्राध्यापकांना किंवा डॉक्टरांना दाखवावा. न आलेल्या प्रश्नाला "पुढच्या आठवड्यात विचारून सांगतो" असे उत्तर द्यावे. हे उत्तर ऐकणाऱ्या मुलाला विज्ञानाची खरी रीत समजते. शिवाय शिकवणाऱ्याचे कच्चे ज्ञान शिकवतानाच पक्के होते, याचा अनुभव येथे बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला असेल.

वेळ मात्र विचारपूर्वक निवडला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघाले की अनेक बाके रिकामी पडतात. म्हणून शाळा उघडल्यापासून दसऱ्यापर्यंत दर शनिवारी एक तास वर्गात द्यावा, आणि पुढे हंगामी वसतिगृहात मागे राहणाऱ्या मुलांकडे जावे. आईबाप दूर असलेल्या त्या लेकरांना शास्त्राइतकीच दादाची आणि ताईचीही गरज असते.

मांजरा आपल्याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावते. येथे ती ओढ्याएवढी असते, पण पुढे कित्येक गावांची तहान भागवून गोदावरीला मिळते. दहा विद्यार्थी आणि शंभर मुले एवढ्याने आरंभ करावा. या सभेतून घरी जाताना पालकांनी आपल्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला, मुलीला एवढेच विचारावे, "शनिवारचा एक तास देशील का?" त्यांनी होकार दिला, तर माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी मानीन.