आम्ही तुमचं प्रात्यक्षिक नाही

(एका महाविद्यालयातील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषण येत नाही. कविता करतो आणि गोदीत माल उतरवतो. पोट कशावर चालतं ते सांगायची गरज नाही. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे तुमच्या भाषेत दहावी. 'अनुभवातून शिक्षण आणि विद्यार्थ्यांचा सहभाग' या विषयावर मलाच का बोलावता, असं मी तुमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्याकडे अनुभव आहे. म्हणजे शिक्षण यांच्याकडे आणि अनुभव माझ्याकडे. ही वाटणी कुणी केली, एवढंच आज बोलायचंय.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका कॉलेजातली मुलगी आमच्याकडं आली. तिचा फील्ड प्रोजेक्ट होता. गोदीत पासाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून पाळी सुटल्यावर गेटाबाहेरच्या टपरीवर बसलो. तिच्या हातात छापील फॉर्म. वय, जात, उत्पन्न, व्यसन. व्यसनाला तीन चौकोन होते. ठेकेदारानं पगार किती महिने थकवला याला एकही नव्हता. 'कामातून समाधान मिळते का? होय, नाही, सांगता येत नाही.' मी म्हटलं, ताई, चौथा चौकोन काढ. त्यात लिही, विचारू नका. ती हसली आणि ओशाळलीही. पोरगी भली होती. फॉर्म तिनं केलेला नव्हता, तिला तो भरून न्यायचा होता. भरून नेला की क्रेडिट.

मग मी तिला विचारलं, तू काय शिकतेस? म्हणाली, सायन्स. म्हटलं, तर माझाही एक फॉर्म भर.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या टोळीवर स्लिंग तुटली होती. सळयांचा दोन टनांचा भारा. स्लिंगला दोन पाय, प्रत्येक पाय दीड टनाचा, त्यात वायर झिजलेली. मुकादम म्हणाला, दीड आणि दीड तीन, दोन टन सहज जातात, उचला. भारा लांब, स्लिंग आखूड, पाय फाकले. आम्ही ओरडलो, फाकलीय, खाली घे! कुणी ऐकलं नाही. माझ्या जोडीदाराच्या पायाचा चुरा झाला. चौकशीच्या कागदावर काय आलं? कामगाराचा निष्काळजीपणा.

मी विचारलं, ताई, पाय फाकले की भार वाढतो, हे आमच्या हाताला कळतं. पण का वाढतो? आणि किती?

तिनं तो छापील फॉर्म उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर त्रिकोण काढला. पाय सरळ उभे असतील तर एकेकावर एक टन. जसजसे फाकत जातील तसा एकेकावरचा ताण वाढत जातो. दोघांमधला कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक पायावर पुरे दोन टन. आणि आमची वायर दीड टनाची! पाच मिनिटांत सगळं नागडं झालं. चहा निवला. टोळीतले सात जण त्या कागदावर वाकून उभे. तीही बघत राहिली. हे गणित तिनं परीक्षेत सोडवलं होतं, मार्कही पैकीच्या पैकी. पण स्लिंग म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं, असं म्हणाली.

दोस्तहो, नीट बघा. आमच्याकडं 'फाकलीय' होतं, 'किती' नव्हतं. आणि चौकशीत 'किती' लागतं. 'किती' नसेल तर साहेब तुमचाच पाय तुमच्या गळ्यात बांधतो.

तिच्या मार्गदर्शकांनी ते पान प्रोजेक्टातून काढायला लावलं. विषयाला धरून नाही म्हणे. क्रेडिट मिळालं ते चौकोनांचं.

हे अनुभवातून शिकणं काही काल निघालेलं नाही. जॉन ड्युई या अमेरिकन प्राध्यापकानं १८९६ साली शिकागो विद्यापीठात पोरांची शाळा काढली, सुतारकी, शिवण, स्वयंपाक यांतून शिकवणारी. हाच ड्युई पुढं कोलंबियात बाबासाहेबांचा गुरू. बाबासाहेब तिथं १९१३ ते १९१६ होते आणि 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये, १९३६ साली, त्यांनी त्याचं ऋण उघड मान्य केलंय. त्याच ड्युईनं १९३८ साली बजावलं की अनुभव आला म्हणजे शिक्षण झालं असं नाही. काही अनुभव पुढच्या वाटा बंद करतात. हे माझ्याइतकं कुणाला पटणार? दहा वर्षं ओझं उचललं तर मान खाली घालायला शिकतो माणूस. त्याला बसायला जागा, विचारायला माणूस आणि लिहायला कागद मिळाला तर पुढचं काही होतं.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, नोकरी करणाऱ्या पोरांना यायला जमावं म्हणून. अनुभव आणायला जा, असं त्या पोरांना सांगावं लागलं नाही. तो अंगावर घेऊनच ती बाकावर बसली.

आता उलटं चाललंय. १९६९ साली ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना आली, आता २०२० च्या शैक्षणिक धोरणामागून फील्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप, समुदाय सहभाग आले. वाईट नाही. पण वाट एकाच बाजूची: विद्यापीठ वस्तीत येतं, वस्ती विद्यापीठात जात नाही.

२०१८ साली सरकारनं स्वच्छतेची उन्हाळी इंटर्नशिप काढली. १०० तास काम केलं की विद्यापीठाकडून २ क्रेडिट. माझी मावशी ३० वर्षं रस्ता झाडते. दिवसाचे ८ तास, वर्षाचे ३०० दिवस धरा. ७२,००० तास. त्याच भावानं १,४४० क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला १२० लागतात. म्हणजे मावशी बारा वेळा पदवीधर! तिला हे सांगितलं तर म्हणाली, एकच दे, पण झाडू काढून घे.

मावशीनं मला गप्प केलं. कारण इथंच खड्डा आहे. १९५३ साली मद्रासमध्ये राजगोपालाचारींनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी योजना आणली. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस घरी बापाचा धंदा. तेही अनुभवातून शिक्षणच! पेरियार आणि लोक पेटून उठले, १९५४ साली कामराजांनी ती गुंडाळली. तेव्हा कुणी 'अनुभव' म्हणालं की आम्ही आधी खिसा चाचपतो. चांभाराच्या पोराला चामड्याचा प्रोजेक्ट आणि वकिलाच्या पोराला हायकोर्टाची इंटर्नशिप, असलं वाटप आम्हाला नको.

२०२३ सालच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात पूर्वीच्या कामाचा अनुभवही मोजता येतो असं लिहिलंय. मग मोजा. पण घाम मोजू नका, तो मुकादम मोजतोच. फाकलेल्या स्लिंगबद्दल मला काय कळलंय ते विचारा, उरलेलं शिकवा, मग परीक्षा घ्या, नापास करा हवं तर. पण वर्ग अशा वेळी ठेवा की पाळी न बुडवता येता येईल. दुपारी अडीचच्या लेक्चरला पंच्याहत्तर टक्के हजेरी मागाल तर त्या कायद्यानं आम्हाला दारातच कापलंत. आणि विद्यार्थ्यांनो, तुमचा फॉर्म छापण्याआधी टपरीवर आणा. अर्धे प्रश्न आम्ही घालू. रिपोर्ट झाला की पुन्हा या आणि तो मोठ्यानं वाचा. आमच्याबद्दल काय लिहिलंत ते आम्हाला ऐकू द्या, चुकलं तर तिथंच खोडू.

ती मुलगी परत आली, प्रोजेक्ट संपल्यावर, क्रेडिटशिवाय. या रविवारीही येणारेय. जोडीदार कुबडीवर येतो, त्याला चौकशी पुन्हा उघडायचा अर्ज करायचाय, त्यात तो त्रिकोण घालायचाय. आम्हाला अर्जाची भाषा येत नाही, तुमच्यात कायद्याचं कुणी असेल तर हवंय. सकाळी दहाला, गेटाबाहेरची टपरी. खडू तुम्ही आणा. तुटलेल्या वायरचा तुकडा माझ्याकडं आहे.