मेणबत्तीतील दोन बदल



ही पेटलेली मेणबत्ती पाहा. याच साध्या वस्तूवर मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्याने दिली होती.

वातीच्या बुडाशी मेण वितळते, ओघळते आणि पुन्हा घट्ट होते. परंतु ते मेणच राहते. हा भौतिक बदल. वर ज्योतीत मात्र मेणाची वाफ जळते. थंड, कोरडा चमचा ज्योतीच्या थोडा वर क्षणभर धरा. त्यावर दव जमेल. मेणात पाणी नव्हते! मेण व हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाणी आणि कार्बन डाय-ऑक्साइड हे नवे पदार्थ निर्माण झाले. हा रासायनिक बदल होय.

जे पूर्ववत होते ते भौतिक, असे आपण सहज म्हणतो. ही कसोटी फसवी आहे. फाडलेला कागद पूर्ववत होत नाही, तरी तो कागदच असतो. उलट मोरचुदाचे निळे स्फटिक तापवल्यावर पांढरे पडतात व पाणी घातल्यावर पुन्हा निळे होतात. तरीही तो बदल रासायनिकच.

डोळ्यांवरही विसंबू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी धुमसत राहिली, तर अपुऱ्या हवेमुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. निजलेल्या माणसाचा तो झोपेतच प्राण घेऊ शकतो.

म्हणून प्रश्न एकच विचारावा : येथे नवा पदार्थ निर्माण झाला काय? आणि थंडीच्या रात्री तो शेगडीपाशी अवश्य विचारावा.