अहवालाआधी हकिगत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



गावविकासाच्या सभेचे एक ठरावीक रूप देशभर पाहावयास मिळते. टेबलामागे सरपंच, पंचायतीचा सचिव आणि तालुक्याहून आलेला एखादा अधिकारी; समोर सतरंजीवर पुरुष; आणि भिंतीच्या कडेला, पदर ओढून, स्त्रिया. मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाते, योजनांची नावे वाचली जातात, 'कोणाची काही अडचण आहे काय?' असे विचारले जाते. ज्यांची अडचण असते तीच माणसे गप्प राहतात, आणि त्यांच्या गप्प राहण्याची नोंद 'सर्वानुमते मंजूर' या दोन शब्दांत होते. ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती दुरुस्ती अमलात आली. घटनेतील ते स्थान आणि भिंतीकडेची ती जागा यांतील अंतर मात्र अद्याप पुष्कळ शिल्लक आहे.

आजचा विषय या मौनाशी निगडित आहे. सभेच्या कामकाजाला हात घालण्यापूर्वी जमलेल्या माणसांनी मिळून आपली हकिगत सांगावी, एकाने धागा काढावा आणि इतरांनी तो पुढे न्यावा, ही पद्धत आता अनेक ठिकाणी रूढ होऊ लागली आहे. देणग्यांवर चालणाऱ्या काही संस्थांनी तिला संकोच घालविण्याच्या खेळाचे रूप दिले आहे. दहा मिनिटे गोष्टी, टाळ्या, आणि मग अधिकाऱ्याने आधीच तयार करून आणलेला आराखडा! अशा वापरामुळे काही कार्यकर्त्यांना ही पद्धतच पोरकट वाटू लागली आहे. हा समज बरोबर नाही. सभेपुढे कोणाचा प्रश्न येणार, हे या पहिल्या अर्ध्या तासातच ठरत असते. म्हणून हकिगत ही सभेची प्रस्तावना नव्हे, ते सभेचे पहिले काम होय.

महाराष्ट्रातील किसान चळवळीला ही गोष्ट नवी नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तेव्हा उंबरगाव तालुक्यातून काही वारली तेथे आले होते. त्यांच्यापैकी माह्या धांगडा व्यासपीठावर उभे राहिले आणि वेठबिगारीत काय काय सोसावे लागते ते त्यांनी आपल्या बोलीत सांगितले. त्यात सिद्धान्त नव्हता, आकडेवारी नव्हती. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची सभा झाली. हजारो माणसे डोंगरदऱ्यांतून चालत आली. टिटवाळ्याहून झरीपर्यंतचे ते चार महिने कोणत्या कामात गेले? गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर आणि त्यांचे सहकारी पाड्यापाड्यांतून फिरत होते, झोपड्यांतून राहत होते, आणि सांगण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ऐकत होते. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाङ्मयीन गुणांसाठी त्याची वाखाणणी झाली ती योग्यच. परंतु सभा घेणाऱ्याने तो ऐकण्याच्या कामाचा वस्तुपाठ म्हणूनही वाचावयास हवा.

लग्नगड्याचेच उदाहरण घ्यावे. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून रक्कम उचलली की नवरा-बायको दोघेही त्याच्या घरी राबावयास बांधली जात. प्रत्येक जोडपे आपल्यापुरते असे समजत असे की हे आपले कर्ज, आपण दिलेला शब्द, आपले नशीब. एका पाड्यावरच्या माणसाने आपली गोष्ट सांगितली आणि शेजारच्या पाड्यावरचा उठून 'माझे असेच' म्हणाला, की नशीब या शब्दाचा अर्थ तेथेच डळमळतो. दहा जणांचे नशीब एकाच माणसाच्या वहीत कसे लिहिलेले असेल, हा प्रश्न मग व्याख्यात्याने विचारावा लागत नाही. झरीच्या सभेत वेठ न करण्याचा निर्धार झाला. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा लढा उभा राहिला आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार होऊन पाच वारल्यांनी प्राण दिले. हकिगतीतून निघालेल्या ठरावाची किंमत कधी कधी इतकी मोठी द्यावी लागते. ती पद्धत खेळाची नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

हीच प्रक्रिया पुढे आंध्र प्रदेशात, नेल्लोर जिल्ह्यात, निराळ्या मार्गाने घडली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे साक्षरतेची मोहीम चालू होती. दिवसभर शेतात राबून आलेल्या स्त्रिया रात्री कंदिलाभोवती पाटी घेऊन बसत. त्यांच्या वाचनपुस्तिकेत दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या घराचा धडा होता. धडा वाचून झाला की वर्गातील स्त्रिया पुस्तक बाजूला ठेवीत आणि आपापल्या घरचे सांगू लागत. मजुरी गुत्त्यात जाते, गुत्ता पहाटेच उघडतो, आणि त्या दारूचा पुरवठा सरकारच्या आशीर्वादानेच होतो, हे एकीच्या गोष्टीतून दुसरीच्या गोष्टीत जोडले गेले. दुबगुंटा गावच्या स्त्रियांनी आपल्या गावातील 'सारा' म्हणजे देशी दारूचे दुकान बंद पाडले. मग खुद्द त्या घटनेचाच धडा तयार झाला. 'आडवाळ्ळु एकमैते', म्हणजे 'बायका एक झाल्या तर', असे त्याचे नाव होते. गोष्टीतून कृती आणि कृतीतून पुन्हा गोष्ट! १९९२ मध्ये ही लाट जिल्हाभर पसरली, गुत्त्यांचे लिलाव होईनात, आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून सरकारला राज्यभर सारा बंद करावी लागली. १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. ती १९९७ मध्ये मागेही घेण्यात आली. हा शेवटचा भाग सांगताना पुष्कळ वक्ते गाळतात. तो गाळू नये. दारूच्या महसुलावर राज्याचा खजिना जोवर विसंबून असतो, तोवर नुसत्या हकिगतीने जिंकलेली जागा राखता येत नाही. तिच्यामागे टिकाऊ संघटना लागते.

वारली पाड्यांत आणि नेल्लोरच्या रात्रवर्गांत जे लढ्याच्या ओघात घडले, ते सरकारी चौकटीतील सभेतही पद्धतशीरपणे करता येते काय? केरळने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये तेथे लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजना-खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा निर्णय झाला. ग्रामसभा भरल्या त्या केवळ भाषणे ऐकण्यासाठी नव्हत्या. आरंभीच्या छोट्या बैठकीनंतर सभा विषयवार गटांत बसे: शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचे प्रश्न, अनुसूचित जाती-जमातींचे प्रश्न. प्रत्येक गटात प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता असे. भाषण करणे नव्हे, प्रश्न विचारीत बोलणे पुढे नेणे हे त्याचे काम. मग गटांचे म्हणणे पुन्हा सर्व सभेपुढे येई. पंचायतींनी जे विकास-अहवाल तयार केले त्यांत गावाचा इतिहासही लिहिला गेला. कोणती जमीन पूर्वी कोणाची होती, कोणता कालवा केव्हा बुजला, हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून घेतल्यावाचून तो लिहिता येणेच शक्य नव्हते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांचा या कामातील अनुभव फार मोलाचा ठरला.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. केरळात गटांच्या बोलण्याला पैशाचा आधार होता. जे सांगितले जाईल त्यातून काही मंजूर होण्याचा संभव होता. निधीही नाही, अधिकारही नाही, अशा सभेत लोकांना दुःख उगाळावयास लावणे ही एक प्रकारची क्रूरता होय. एकदा सांगितले, दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा माणसे येत नाहीत. आणि ते बरोबरच करतात.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. आठ-दहा माणसांचे वर्तुळ पुरे. मोठी सभा असेल तर अशी अनेक वर्तुळे करावीत. विषय एकच घ्यावा आणि आरंभ सरपंचाने, शिक्षकाने अथवा कार्यकर्त्याने करू नये. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देणारा लागतो, हे घराघरांतून ठाऊक आहे. श्रावणातील कहाणी ऐकताना बायका हातात अक्षता धरून बसतात आणि कहाणी संपेपर्यंत मध्येच उठत नाहीत. ती रूढी व्रताची असली, तरी तिच्यातील ऐकण्याची शिस्त सभांनी उचलावी अशी आहे. आपल्या सभांत बोलण्याची शिस्त बरीच आहे, ऐकण्याची नाही.

वर्तुळात कोण कोणाच्या शेजारी बसला आहे, इकडेही बघावे लागते. ज्याच्याकडे जमीन गहाण आहे तो समोर असताना गहाणाची गोष्ट निघणार नाही. दलित वस्तीची हकिगत वरच्या आळीतील सुशिक्षित तरुण अस्खलित भाषेत सांगू लागला, तर त्याला नम्रपणे थांबवावे. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी तिच्या नावाने नुसत्या सह्या गोळा होतात. आदिवासी क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने पाड्याचीही ग्रामसभा होऊ शकते. हकिगतीच्या पद्धतीला या दोन सभा सर्वांत अनुकूल होत, कारण तेथे माणसे थोडी असतात आणि एकमेकांना ओळखतात.

मात्र खरी कसोटी लागते ती लिहिण्याच्या वेळी. समजा, विषय पाण्याचा आहे. एक बाई सांगते, होळीनंतर विहीर आटते, ओहोळावर दोन खेपा कराव्या लागतात, दुसऱ्या खेपेमुळे कामावर उशीर होतो आणि मुकादम अर्धा रोज कापतो. दुसरी सांगते की पहिली खेप तिची मुलगी करते, म्हणून त्या दिवसांत मुलगी शाळेत जात नाही. तिसरी म्हणते, नळ वरच्या आळीपर्यंत आला आणि तेथेच थांबला. ऐकणारे हुंकार देतात, कोणी म्हातारा नळ कोणाच्या दारापाशी थांबला तेही सांगतो. आणि इतिवृत्तात काय येते? 'गावात पाणीटंचाईची समस्या असून त्यावर उपाययोजना करण्यात यावी.' बोलीचे प्रमाणभाषेत रूपांतर करताना अर्धा रोज गेला, मुलीची शाळा गेली, मुकादम गेला, आणि कोणाच्या तरी दारापाशी थांबलेला नळ तर पूर्णच अदृश्य झाला. टंचाईला आरोपी नसतो. थांबलेल्या नळाला असतो. भाषांतराची ही चूक अजाणता होते असे नेहमीच म्हणता येत नाही.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोट किराणा येथे पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा या प्रश्नाला उलट्या बाजूने हात घातला. सरकारी कामांची कागदपत्रे लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली, आणि ज्यांची नावे त्यांत होती त्यांनी प्रत्यक्ष काय घडले ते सांगितले. कागद आणि हकिगत समोरासमोर उभी राहिली. माहितीच्या अधिकाराच्या ज्या चळवळीतून पुढे २००५ चा कायदा झाला, तिची एक मोठी शिकवणी अशा सभांतूनच झाली.

गावच्या साध्या सभेतही हे करता येते. वर्तुळात एक लिहिणारा ठेवावा. त्याने नावे, महिने, रकमा आणि जागा जशा सांगितल्या तशाच टिपाव्यात, वाक्ये सजवू नयेत. दुपारी ठराव लिहून झाला की सही-अंगठ्यापूर्वी तो लोकांच्या बोलीत वाचून दाखवावा. ज्या बाईने सकाळी सांगितले होते ती तेव्हा 'माझा अर्धा रोज कुठं गेला?' असे विचारील. सचिवाने ती ओळ खोडून पुन्हा लिहावी, आणि मगच कागद पुढे फिरवावा.