गल्लीचा दाखला

डभोईत रॅपविषयी बोलताना आधी दयाराम आठवतात. १७७७ साली जन्मलेल्या आणि याच गावात राहिलेल्या या कवीच्या अनेक गरब्यांत ‘मी’ म्हणून बोलते ती गोपी. कवी पुरुष आहे म्हणून तिचा विरह आपण खोटा ठरवत नाही. रॅपरकडे मात्र गल्लीचा दाखला मागतो. २०१५मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ आले. २०१९मध्ये त्यांच्या जीवनावरून प्रेरित ‘गली बॉय’ हा चित्रपट. गल्ली ही आता खपणारी प्रतिमा झाली. उद्या गायकाने घर बदलले, तर त्याचे शब्द खोटे ठरतील? अस्सलपणा केवळ दारिद्र्यात शोधणारा श्रोता कलावंताला गरीबच राहायला सांगत असतो. म्हणून वर्गात गायकाचा पत्ता तपासू नये. त्याची भाषा तपासावी.