पत्ता, खूण आणि तोडलेला पिंपळ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आज सकाळी आपल्यातले सात-आठ जण शाळेच्या मागच्या बाजूला गाड्या थांबवून उभे होते. मीही त्यांच्यात होते. मोबाइल म्हणत होता, ‘तुम्ही पोहोचलात’, आणि समोर नुसती भिंत! शेवटी टपरीवाले काका म्हणाले, “मेळाव्याला ना? रसवंतीला वळसा घाला, फाटक तिकडं नेलंय.” मोबाइलला नावं ठेवू नका. फाटक हलल्याचं आपण कोणी कळवलंच नव्हतं. संयोजकांनी मला ‘तुझ्या कामाबद्दल बोल’ असं सांगितलंय, आणि माझं काम नेमकं हेच आहे.

मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. गाडीच्या टपावर कॅमेरा लावून ती रस्त्यांवरून फिरवतात. दर काही मीटरवर चहूबाजूंचा फोटो निघतो. लोकांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर पुसट करतात. त्या फोटोंमधून आमचा प्रोग्रॅम खुणा शोधतो: देऊळ, पेट्रोल पंप, पाण्याची टाकी, बँकेची पाटी. मग नकाशाला ‘तीनशे मीटरवर डावीकडे’ असं न म्हणता ‘पेट्रोल पंपानंतर डावीकडे’ असं सांगता येतं.

आपल्याकडे याची गरज जास्त. नगरमध्ये रस्त्याचं नाव विचारून कोण कुठे गेलंय? आपण माळीवाडा वेस, दिल्ली गेट, चितळे रोड, किल्ला अशा खुणांवरून चालतो. ही आपली रीत ओळखून गूगलने २००९ मध्ये भारतासाठी खुणांवरून दिशा सांगायला सुरुवात केली होती. पण रस्त्यावरच्या फोटोंना आपल्याकडे बराच उशीर झाला. अमेरिकेत स्ट्रीट व्ह्यू २००७ मध्येच आलं. इथे २०११ मध्ये बंगळुरात गाड्या फिरू लागल्या आणि पोलिसांच्या आक्षेपामुळे थांबल्या. २०१६ मध्ये केंद्र सरकारने परवानगी नाकारली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम सैल झाले, पण असे फोटो भारतीय कंपन्यांनीच काढायचे ही अट राहिली. मग जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा यांना बरोबर घेऊन २७ जुलै २०२२ रोजी दहा शहरांत ही सोय सुरू झाली. दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, पुणे, नाशिक, वडोदरा, अमृतसर आणि आपलं नगर! त्या दिवशी मी ऑफिसमध्ये पेढे वाटले. आमच्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तरी वाटले.

गणिताचे सर समोर बसलेत म्हणून सांगते. एका फोटोवरून देवळाची दिशा कळते, अंतर पक्कं कळत नाही. पण तोच कळस तीन ठिकाणांहून काढलेल्या तीन फोटोंत दिसला, तर तीन रेषा काढायच्या. त्या जिथे छेदतात, तिथे देऊळ. सर, छेदनबिंदूचा उपयोग काय, असं मी नववीत विचारलं होतं आणि तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं. उत्तर मिळालं!

खूण सापडली तरी ती चांगली आहे का, हे ठरवायला आम्ही चार प्रश्न विचारतो. ती लांबून दिसते का? दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही ना? वळणाच्या आधी लागते का? आणि उद्या तिथेच असेल का? सहलीला आपण पाहिलेला चांदबिबीचा महाल घ्या. डोंगरावर आहे, लांबून दिसतो, तसं दुसरं काही आसपास नाही. खरं तर ती सलाबतखानाची कबर, हे इतिहासाच्या बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. पण रस्ता विचारताना आपण ‘सलाबतखानाची कबर’ म्हणालो, तर समोरचा गोंधळेल. खुणेचं नाव लोकांच्या तोंडी असेल तेच ठेवावं लागतं. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण स्टँडवर अजून ‘नगर, नगर’ अशीच हाक येते. नकाशाला दोन्ही कळायला हवीत.

यंत्राची फजितीही ऐका. पाटी वाचताना ते मोठ्या अक्षरांकडे आधी बघतं. आपल्याकडे सगळ्यांत मोठी अक्षरं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. एकदा आमच्या प्रोग्रॅमने दिशा दिली, ‘भावी नगरसेवकांच्या नंतर उजवीकडे वळा’. आठ दिवसांनी फ्लेक्स उतरला, खूणही गेली. यंत्राला वस्तू ओळखायला शिकवण्याचा जगातला एक प्रसिद्ध फोटोसंग्रह आहे, त्याच्या ऐंशी प्रकारांत आग विझवायचा रस्त्यावरचा नळ आहे, पार्किंगचं मीटर आहे. आपली रिक्षा नाही. पारनेरच्या एखाद्या वस्तीवर जायचं तर ‘डीपीपासून डावीकडे, विहिरीच्या अंगानं’ असंच सांगतात. डीपी आणि पार यंत्राला आपणच शिकवायला हवेत. आणि वस्तीपर्यंत ती कॅमेऱ्याची गाडीही जायला हवी.

आता जे सांगायला मी उभी राहिले ते. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला आईचा फोन आला, “नानांच्या छातीत दुखतंय.” ते दोघं सावेडीत, मी पुण्यात. मी रुग्णवाहिका बोलावली, लोकेशन पाठवलं. ते मी कधीतरी घाईत टाकलेलं होतं, घराच्या मागच्या बोळात पडत होतं. ड्रायव्हरदादांचा फोन आला, “ताई, बोळात गाडी जात नाही. खूण सांगा.” मी लगेच म्हणाले, “मोठा पिंपळ लागेल, त्याच्या पुढचं पहिलं डावं वळण.” ते पिंपळ शोधत सरळ पुढे गेले, बरेच पुढे. परत फोन, परत तेच. शेवटी शेजारचा मुलगा मोबाइलची बॅटरी हलवत भर पावसात कोपऱ्यावर उभा राहिला, तेव्हा गाडी वळली. पंधरा मिनिटं गेली. नाना वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर परवडला नसता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आई म्हणाली, “अगं, पिंपळ तोडून दोन वर्षं झाली.” त्या दोन वर्षांत मी चार-पाचदा तरी घरी आले होते, त्याच वळणावरून. दिवसभर दुसऱ्यांच्या रस्त्यांवरच्या खुणा तपासणाऱ्या मला माझ्या घराची खूण गेलेली दिसली नव्हती. माझ्या डोक्यातला फोटो जुना होता.

तेव्हापासून चौथा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर कोणत्याच फोटोत नसतं. जुलै २०२२ मध्ये आलेल्या नगरच्या फोटोंत आपला उड्डाणपूल सुरू झालेला दिसणं शक्यच नव्हतं. तो नोव्हेंबरमध्ये खुला झाला. फोटो ज्या दिवशी काढला, त्या दिवसापुरता खरा. पुढचं जो तिथे राहतो त्यालाच ठाऊक असतं.

म्हणून तीन विनंत्या. एक, आपल्या आईवडिलांच्या घराचं लोकेशन नकाशावर उघडा आणि ते गाडी थांबते त्या दारावरच पडतंय ना, ते बघा. दोन, आज उभी असलेली, रात्रीही दिसणारी एक खूण ठरवा आणि मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या फोनजवळ चिकटवा. तीन, दरवर्षी दिवाळीला घरी जाल तेव्हा ती खूण जागेवर आहे का, हे स्वतः जाऊन पाहून या.

आणि आपल्या शाळेचं फाटक मी मघाशीच नकाशावर दुरुस्तीला पाठवलंय. तुमच्यापैकी आणखी काही जणांनी पाठवलं तर ते लवकर बदलेल. परतीच्या वाटेवर तेवढं करा. रसवंतीची खूण टाकायला विसरू नका, पण ती फक्त उन्हाळ्यात असते, हेही लिहा.